टाळूच्या बाजूचं सोनं

बायजाबाईने पदराची गाठ सोडली, आतली सोन्याची बुगडी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "डाक्टरीणबाय, ही माझ्या हिरामणच्या तोंडात बसवा. निघाली न्हाय पायजे."

मला वाटलं, हिरामणला सोन्याच्या दाताची हौस आली. मी रेवदंड्याला दवाखाना उघडला तेव्हा आखातातून पैसे कमावून आलेली माणसं चांगल्या धडधाकट दातावर सोन्याचं टोपण चढवून मागायची, हसताना दिसावं म्हणून. तसे दात मी पुष्कळ बसवले. पण ती हौस मागे पडून जमाना झाला.

"पुढचा दात घासायला लागेल," मी म्हणाले. "पोरगा हसला की लग्नातल्या बँडवाल्यासारखा दिसेल."

"दिसायला नकोच. आतल्या अंगाला बसवा, टाळूच्या बाजूला. कोणाला कळायला पण नको." तिने बुगडी बोटाने माझ्याकडे सरकवली. "तो दर्यात जातो. मेला तर तोंडात सोनं असलं पायजे, म्हणून."

मागे माझी भाची कल्पिता हत्यारं धूत होती. दवाखाना आता तीच चालवते, मी नुसती सकाळी येऊन बसते, जुन्या लोकांशी बोलते. तिने नळ बंद केला.

उन्हाळा संपत आला होता, होड्या वर ओढून ठेवायचे दिवस होते. बायजाबाई माझ्या वयाची, एखाददोन वर्षांनी लहानच असेल. तिचा नवरा रामजी हा माझ्या पहिल्यावहिल्या रोग्यांपैकी. त्या काळी माझ्याकडे यायला लोक बिचकत. माझे वडील शाळामास्तर, छप्पन साली दीक्षा घेतलेले, आणि आमचं आडनाव पंचक्रोशीला ठाऊक. दाताने जीव नकोसा झाला की लोक येत, दात काढून घेत, आणि घरी गेल्यावर गोमूत्राने चूळ भरत. हे मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. रामजीने सांगितलं, खुर्चीत बसून, हसत हसत. "बाई, तुमचा हात माझ्या तोंडात गेला म्हणून आय गोमूत्र घेऊन दारात उभी. मी बोललो, आय, बाईचं औषध इतकं कडू हाय की त्यानं तुझी गाय पण शुद्ध होईल." तो हसला की सगळी खुर्ची हलायची. पुढे त्याने कोळीवाड्यातली निम्मी माणसं माझ्याकडे ओढून आणली.

हिरामण अगदी लहान असताना, एका भाद्रपदात, रामजीची होडी कोर्लईच्या टोकाबाहेर उलटली. तो गेला एवढं मला माहीत होतं. कसा सापडला ते बायजाबाईने त्या सकाळी पहिल्यांदा सांगितलं.

"लय दिवसांनी आला. घरी आणण्यासारखा न्हवता. किनाऱ्यावरूनच नेला. तुळशीचं पान, पाणी आणि माझ्या मण्यातला सोन्याचा कण मी सासऱ्याच्या हातात दिला. संध्याकाळी सासऱ्यानं कण परत आणून माझ्या हातावर ठेवला. बोलला, तोंड उघडलंच न्हाय. तवापासून तो उपाशी हाय."

आमच्यात मरणाऱ्याच्या तोंडात काही घालत नाहीत. माझे वडील गेले तेव्हा त्रिशरण-पंचशील म्हटलं, फुलं वाहिली, झालं. सोन्याच्या कणाने कुणी उपाशी राहतं किंवा पोटभर जेवतं यावर माझा कधी विश्वास बसला नाही, आजही नाही.

"बायजाबाई," मी म्हणाले, "मी जिवंत माणसाचं तोंड बघणारी बाई आहे."

"म्हणून तर जिता हाय तवाच बसवा बोलते. मेल्यावर तुमाला कोण बोलावणार हाय?"

दुसऱ्या दिवशी हिरामण आला, सोबत त्याची बायको रचना. पंचेचाळिशीतला माणूस, स्वतःच्या होडीचा तांडेल, खांदे बापासारखे रुंद, पण बोलणं हळू. रचना मात्र दारातूनच सुरू झाली.

"डॉक्टरमॅडम, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा यांच्या आईला. जित्या माणसाच्या तोंडात मेल्याचं सोनं? घरात दोन पोरं आहेत माझी."

"रचे, दाताला सोनं लावलं म्हणून कोणी मरत न्हाय," हिरामण म्हणाला.

"आणि लावलं न्हाय म्हणून?"

"म्हणून पण न्हाय. पण आय झोपत न्हाय त्याचं काय? वाऱ्याचा आवाज आला की उठून बसते. दोन-चार दिवस मी बंदराला लागलो न्हाय की तिच्या घशाखाली घास उतरत न्हाय." तो माझ्याकडे वळला. "बाई, बसवा. तिचा जीव जरा भांड्यात पडेल. मला काय, दाढेत अडकलेल्या सुकटीपेक्षा लहानच असणार ते."

रचना खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

मी त्याचं तोंड पाहिलं. चांगला दात मी घासणार नव्हते, हे मी आधीच सांगून टाकलं. पण वरच्या बाजूची डावी दाढ मागे कधीतरी किडली होती. तिचं रूट कॅनाल करून मीच तिच्यावर चिनी मातीची कॅप बसवली होती. तिच्या आतल्या, टाळूकडच्या अंगावर चावताना खालचा कुठलाच दात टेकत नव्हता. जागा होती ती एवढीच. चिनी मातीच्या कॅपवर सोन्याचा पत्रा.

माझ्या वेळी कुणी असं मागितलं असतं तर मी हसून परत पाठवलं असतं. तेव्हा आम्ही काही चिकटवत नव्हतो, अडकवत होतो. दात असा घासायचा की टोपण त्यावर आवळून बसेल, खाचा पाडायच्या, मग गार काचेच्या पट्टीवर सिमेंट कालवायचं, ते फटीत भरायचं. पावसाळ्यात दमट हवेने ते कालवता कालवताच घट्ट व्हायचं आणि मी पंख्याला शिव्या द्यायची. सिमेंट फक्त फट बुजवायचं, धरून ठेवायचं काम आकाराचं. गुळगुळीत चिनी मातीच्या भिंतीवर गुळगुळीत सोनं उभं राहील, अशी कल्पनाही कुणी केली नसती. दोन्ही जिन्नस असे की कशालाच धरत नाहीत. सोनं म्हणूनच तर काळं पडत नाही आणि चिनी माती म्हणूनच तर डागाळत नाही.

"आत्या, आता सगळं चिकटतं," कल्पिता म्हणाली. "फक्त पृष्ठभाग तयार करायचा. नव्वद टक्के काम तेच."

दाढेचा ठसा घेऊन मी प्लास्टरचा साचा केला. चौलच्या सोनाराने बुगडीतलं सोनं ठोकून पातळ केलं आणि साच्यावर दाबून त्या वळणाचा पत्रा करून दिला, चिंचोक्याएवढा. बायजाबाई तो घेऊन आली तेव्हा त्यावर हळदीकुंकू होतं. ते आम्ही धुऊन टाकलं.

ठरल्या दिवशी हिरामण खुर्चीत बसला. बायजाबाई बाकावर, मांडीवर हात ठेवून, देवळात बसावं तशी. रचना आली नव्हती.

कल्पिताकडे एक लहान काचेची पेटी आहे. आत हात घालून बारीक नळीने वाऱ्याच्या जोरावर दगडाच्या पुडीसारखी बारीक पूड मारायची. पत्र्याची आतली बाजू, जी कॅपला लागायची, ती तिने त्या पुडीने मारली. उजळ सोनं बघता बघता निस्तेज झालं, चुलीतल्या गार राखेसारखं. तिने पत्रा धुतला, सुकवला आणि स्वच्छ काचेच्या थाळीत उताणा ठेवला. मग ती हिरामणकडे वळली. त्याच्या दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवायचा होता, म्हणजे थुंकी येणार नाही आणि ॲसिड हिरडीला लागणार नाही. ते ॲसिड काच खाणारं आहे. त्याचा थेंब कुठे उडाला तर हाडापर्यंत जातो. आम्ही दोघीही त्यात गुंतलो.

मी वळून बघते तर बायजाबाई थाळीपाशी. तिने पत्रा हातात घेतला होता. बोटाला थुंकी लावून, पदराने, ती त्याची राखाडी बाजू घासत होती. तो पदर सकाळभर मासळी बाजारात बसून आलेला.

"अहो काय करताय!" कल्पिता ओरडली.

बायजाबाई दचकली, पण पत्रा सोडला नाही. "सोन्याची कळा गेली, पोरी. काय मारलंस त्याला? देवाघरी हे घेऊन गेला तर कोण सोनं बोलेल? मी घासून उजळ करते. आमी बुगडी अशीच उजळवतो."

"तुम्ही सगळं फुकट घालवलंत. बोट लागलं, थुंकी लागली, तेल लागलं. आता हे एका महिन्यात पडेल."

"ओरडू नको तिच्यावर," मी म्हणाले. पण मलाही समजावता येईना. उजळ आहे तोवर ते धरणार नाही आणि घासून निस्तेज केल्यावर त्याला कशाचाही स्पर्श चालणार नाही, हे त्या बाईला कसं सांगायचं? तिच्या उभ्या जन्मात सोनं म्हणजे चमकणारं.

रबराच्या पडद्याआडून हिरामण काहीतरी बोलायला लागला. मी पडदा काढला.

"आय, फायबर मारताना बघतेस ना? होडीच्या लाकडावर जुना रंग ठेवला आणि वरून जाळी न् रेझिन चढवलं तर काय होतं? एका हंगामात साल निघते. म्हणून आधी ग्रायंडर मारायचा, लाकूड उघडं करायचं, सुकवायचं. आणि मग त्यावर कोणी ओला हात पण ठेवायचा न्हाय. तू मागच्या साली पोराला ठेवू दिलास का?"

बायजाबाईने हातातल्या पत्र्याकडे पाहिलं. "मग मी तेलाचा हात लावला."

"लावलास."

"आता?"

"आता परत ग्रायंडर," हिरामण म्हणाला आणि हसला. सगळी खुर्ची हलली, रामजीच्या हसण्याने हलायची तशी.

कल्पिताने पत्रा औषधाने धुतला, पुन्हा पेटीत घेतला, पुन्हा पुडीने मारला. या वेळी बायजाबाई पेटीच्या काचेला नाक लावून उभी होती. सोनं दुसऱ्यांदा राखाडी होताना तिने डोळे मिटले नाहीत. त्यावर सोन्यासाठीचं वेगळं औषध लावलं. तिकडे दाढेभोवती पडदा पुन्हा बसवून कॅपवर मी लाल ॲसिड लावलं, थांबले, भरपूर पाण्याने धुतलं, सुकवलं. चिनी मातीची ती जागा थंडीतल्या काचेसारखी पांढुरकी दिसायला लागली. तिच्यावर सायलेन नावाचं पाण्यासारखं औषध फिरवलं. ते एका अंगाने चिनी मातीला धरतं आणि दुसऱ्या अंगाने रेझिनला. मग रेझिन सिमेंट घेतलं. पत्रा चिमट्यात मीच धरला, माझा हात अजून कापत नाही. जागेवर टेकवला आणि ते घट्ट होईपर्यंत दाबून बसले. बायजाबाईचे ओठ हलत होते.

झाल्यावर मी तिला आरशात दाखवलं. बाहेरची बाजू उजळच होती. ती बघत राहिली.

"आता पडणार न्हाय?"

"पडू शकतं," मी म्हणाले. "मी देव नाही. पण जेवढं करायचं तेवढं केलंय."

"तेवढं बास," ती म्हणाली.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या गेल्या. हिरामण दोन-तीनदा दाखवायला आला. पत्रा घट्ट होता, कड कुठे उचललेली नव्हती. "जीभ सारखी तिथंच जाते," तो म्हणाला. "आणि आय रोज बंदरावर बॅटरी घेऊन उभी. होडीतून उतरलो की आधी 'आ' कर. खलाशी हसतात. बोलतात, तांडेलाची तपासणी झाली, आता मासळीची करा. पण झोपते बघा आता. खरंच झोपते."

रचना एकदा मुलीच्या दुधाच्या दातासाठी आली. जाताना दारात थांबून म्हणाली, "दिसत नाही कोणाला ते. पण मॅडम, हे घोरायला लागले ना, तोंड उघडं पडलं की मी उठून दिवा घालवते."

त्याच्या पुढच्या वर्षी, दसऱ्यानंतर, परतीच्या पावसात ते झालं. वादळाची वर्दी नव्हती. अचानक वारा उठला आणि हिरामणची होडी बुडाली. बाकीच्यांना दुसऱ्या एका होडीने उचललं. हिरामण आणि रितेश नावाचा एक जवान खलाशी, हे दोघे मिळाले नाहीत. वाचलेले सांगत होते की हिरामण शेवटी दिसला तो रितेशला फळी देताना.

आठवड्याभराने दक्षिणेकडच्या एका गावाच्या किनाऱ्याला एक प्रेत लागलं. एकच. अंगावर कपडा नव्हता, चेहरा राहिला नव्हता, उंची दोघांचीही सारखीच. रचनाने पोलिसांत खूण सांगितली होती: वरची डावी दाढ, आतून सोनं. तिथल्या डॉक्टरला जबडा नीट उघडेना, आत काही दिसेना, म्हणून पोलिसांनी आमच्याकडे फोन केला. कल्पिता निघाली होती. मी तिला थांबवलं. पत्रा बसवताना चिमटा माझ्या हातात होता, बघायलाही मीच जायला हवं, एवढाच माझा हिशेब.

रचना म्हणाली, "मी येणार नाही. मला कळवू नका फोनवर. घरी येऊन सांगा." ती पोरांना घेऊन आत गेली.

गाडीत पुढे मी बसले, मागे बायजाबाई आणि रितेशचा बाप बाळाजी. बाळाजी मिठागरावर राबलेला वाळका माणूस, पायांना जुन्या भेगा. सगळ्या वाटेत दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत होते. एकाची प्रार्थना म्हणजे दुसऱ्याचं मरण होतं. साळाव्याच्या पुलावर बाळाजीने खाडीकडे हात जोडले आणि लगेच, चोरी केल्यासारखे, खाली घेतले.

सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी एकटी गेले. काय पाहिलं ते मी सगळं लिहिणार नाही. इतकी वर्षं तोंडंच पाहिली आहेत, म्हणून मी फक्त तोंडाकडे पाहिलं. जबडा आवळला होता. कुठे आधार देऊन कसा हळूहळू उघडायचा ते मला येतं. छोटा आरसा आत घातला, बॅटरी धरली. पाणी, वाळू. कापसाने पुसलं. वरची डावी दाढ. कॅप शाबूत. आणि टाळूच्या अंगाला सोनं, जसं बसवलं तसं, एकही कड न उचललेलं. सगळं सुटत चाललं होतं आणि ते मात्र धरून होतं.

मी बाहेर आले. दोघंही बाकावरून उठले.

"दिसलं?" बायजाबाईने विचारलं.

"दिसलं."

बाळाजी खाली बसला. बायजाबाई उभीच. मग तिने मान हलवली, बाजारात भाव पटला नाही की बाई हलवते तशी.

"दुसऱ्या कोणी पण बसवलं असंल."

"बायजाबाई, असं कुणी बसवत नाही."

"तुमीच बोललेलात, पडू शकतं. माझ्या पोराचं पडलं असंल दर्यात. हे दुसऱ्या कोणाचं." तिने बाळाजीकडे पाहिलं नाही, पण त्याने वर पाहिलं. "मला माझं सोनं ओळखता येतं. काढून माझ्या हातावर ठेवा. हातात घेऊन सांगते."

हवालदार पुढे आला. भला माणूस होता, आवाज खाली ठेवून बोलत होता. "मॅडम, तसंही ते काढायलाच लागणार. प्रेतावरचा दागिना पंचनाम्यात घेऊन नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचा असतो. 'पिवळ्या धातूचा पत्रा' असं लिहीन मी. तुम्ही काढून द्या, तुमचंच काम आहे."

"ते असं निघणार नाही," मी म्हणाले. "कॅप फोडावी लागेल."

"मग फोडा. त्याला काय दुखणार आहे?"

बायजाबाईने हात पुढे केला होता, तळवा वर करून. मी तिच्याजवळ गेले आणि तिला ऐकू जाईल एवढंच बोलले, "काढलं, आणि तो हिरामणच निघाला, तर? मग तो तसाच जाईल. रिकाम्या तोंडाने."

तिचा हात तसाच राहिला. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. सोनं हातावर आलं तरच ती म्हणू शकत होती की हे माझं नाही. आणि माझं असेल तर ते हातावर येता कामा नये. एवढ्या वर्षांत तिने मागितलेली एकुलती एक गोष्ट आत त्या खोलीत तिला मिळालेली होती.

"मला आत न्या," ती म्हणाली.

"बघण्यासारखं नाही."

"रामजीला पण कोणी बघू दिलं न्हाय."

हवालदार नको म्हणत होता. मी त्याला म्हणाले, मी चेहरा झाकून घेते, फक्त तोंड उघडं ठेवते, ती माझी जबाबदारी. आत जाऊन मी ओल्या फडक्याने सगळं झाकलं, ओठांच्या जागेपर्यंत. जबडा धरला. मग तिला बोलावलं. वासाने ती क्षणभर दारात अडखळली, पदर नाकाला लावायला गेली, आणि नाही लावला. मी आरसा आत धरला, बॅटरीचा झोत त्यावर टाकला. "इथे बघा, आरशात. वरच्या बाजूला."

ती वाकली. आरशात सोनं चमकत होतं. पण ती आरशात बघत नव्हती. तिची नजर खाली होती, खालच्या पुढच्या दातांवर. तिथे एक दात शेजारच्या दातावर अर्धा चढून तिरका उभा होता. इतक्या वर्षांत मी तो कितीदा पाहिला असेल. त्याने काही बिघडत नव्हतं, म्हणून मी कधी त्याबद्दल बोललेही नव्हते.

बायजाबाईने बोट पुढे नेलं आणि त्या दाताला लावलं, लहान मुलाच्या दाताला लावतात तसं, हलतो का बघायला.

"दुधाचा पडला तवा सांगितलेलं," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता, रागे भरल्यासारखा. "दहादा सांगितलेलं, नव्या दाताला जीभ लावू नको, वाकडा येईल. ऐकलं न्हाय. सारखी जीभ. मारलं पण मी तुला."

मी बॅटरी बंद केली. तिने बोट काढलं नाही.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. हवालदाराने विचारलं, "आई, मग तो पत्रा?"

"राहू दे."

"नियम आहे म्हणून म्हटलं…"

"तो दागिना नाही," मी म्हणाले. "दात आहे. तुमच्या कागदावर कॅप लिहा." त्याने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पेन खिशाला लावलं.

बायजाबाई बाकापाशी गेली. बाळाजी गुडघ्यात मान घालून बसला होता. तिने त्याच्या खांद्याला हात लावला.

"बाळाजी, ऊठ. तुझा न्हाय. माझा हाय."

बाळाजी उठला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, ओठ हलले. मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तसाच उभा राहिला, तिला आपला चेहरा दिसू नये म्हणून.